शत्रू मोजा, मित्रही मोजा



बुरशीसाठी मारलेल्या औषधानं कीड वाढेल, हे कुणाला पटेल? पण कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, सफरचंदाच्या बागांत तसं झालं खरं. १९३० नंतर तिथं खवले कीड फार माजली. कीटकशास्त्रज्ञ ए. डी. पिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बागा नीट तपासल्या. खवल्याखाली वाढणारी बारीक गांधीलमाशी आणि खवल्याची अंडी खाणारा एक कोळी, हे आपले मित्र गंधकाच्या फवाऱ्यानं मरत होते. खवले मात्र कवचाखाली सुखरूप! गंधकाऐवजी तांबेयुक्त औषध वापरलं, तसे मित्र सावरले आणि कीड उतरली.

पुढं मोजणीचं शास्त्र आलं. सफरचंद पोखरणाऱ्या अळीच्या मादी पतंगाचा गंध १९७१ मध्ये ओळखला गेला. आपण कापसात लावतो तसाच कामगंध सापळा बागेत टांगायचा. नर पतंग नेमानं सापडू लागले, की रोजच्या सरासरी तापमानातून १० अंश वजा करून उरेल ते मांडत जायचं. १८ अंशांच्या दिवसाचे ८. बेरीज १४० च्या आसपास गेली, की अंड्यांतून अळ्या निघू लागतात. फवारणीची वेळ तीच. उशीर केला तर अळी फळात शिरलीच म्हणून समजा.

पण सापळा मित्र मोजत नाही. त्यासाठी फांदीखाली पांढरं कापड धरून फांदी ठोकायची, पडलेले ढालकिडे, कोळी वहीत लिहायचे. हे कापड आपल्या बागेतही चालेल. १४० चा आकडा मात्र आपल्या पिकाला लावू नका, प्रत्येक किडीचा हिशेब वेगळा असतो.