पाणी तापवण्याचा बंब : धूर, राख आणि वाफ यांच्या वाटा मोकळ्या ठेवा

दिवाळीचे अभ्यंगस्नान आणि पाठोपाठ येणारी थंडी यांच्यासोबत लातूर परिसरात बंब पुन्हा पेटू लागतात. गॅस गिझर आणि सौर तापक घरोघरी पोचले असले, तरी लाकूडफाटा हाताशी असणाऱ्या घरांतून तांब्याचा, पितळेचा किंवा पत्र्याचा बंब अद्याप हद्दपार झालेला नाही. मात्र पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेला बंब न तपासता पेटवणे जिवावर बेतू शकते.

बंबाची रचना साधी असते. बाहेरच्या भांड्यात पाणी, मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी लोखंडी जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. हवा जाळीखालून शिरते, जळण नळीत जळते, धूर वरच्या तोंडातून निघून जातो आणि पाण्याची वाफ झाकणाच्या फटीतून सुटते. यांपैकी एक जरी वाट बुजली, तरी धोका निर्माण होतो.

जागा कोणती असावी?

जुन्या वाड्यांत बंब परसात किंवा न्हाणीबाहेर ठेवला जाई. माळवदाच्या घरात धूर छताच्या साण्यातून बाहेर पडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर दगड-मातीच्या माळवदांची जागा मोठ्या प्रमाणावर सिमेंट-काँक्रीटच्या घरांनी घेतली. न्हाणीघर चार भिंतींच्या आत आले. साणे गेले आणि खिडकीही थंडीत बंद राहू लागली. अशा बंदिस्त न्हाणीघरात बंब पेटवणे हा सर्वांत मोठा धोका होय.

हवा अपुरी पडली की जळण अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. ती दिसताच बाधित व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. धूर दिसत नाही, म्हणजे धोका नाही, असे समजू नये. धुमसणाऱ्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतो. म्हणून बंब अंगणात, गच्चीवर किंवा उघड्या पडवीतच पेटवावा आणि तापलेले पाणी बादलीने न्हाणीत न्यावे.

काजळी कशी काढावी?

ओल्या लाकडाने काजळी झपाट्याने साचते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. त्यामुळे आच मंदावते आणि न जळालेली डांबरट द्रव्ये नळीला चिकटतात. हा थर जाड झाला की धुराची वाट अरुंद होते. शिवाय तो स्वतःही पेट घेतो. थर तीन मिलिमीटरचा होण्याआधी तो खरवडून काढावा, हा धुराड्यांचा सर्वसाधारण नियम बंबालाही लागू पडतो.

सफाई बंब पूर्ण निवल्यावर आणि घराबाहेरच करावी. वर धुराडे जोडलेले असल्यास ते उतरवून आरपार उजेड दिसतो का, ते पाहावे. पावसाळ्यात त्यात पक्ष्यांची किंवा गांधीलमाश्यांची घरटी झालेली असू शकतात. तांब्याच्या नळीसाठी काठीला बांधलेला काथ्या वापरावा. टोकदार लोखंडाने पत्रा कापला जातो. नाकातोंडाला फडके बांधावे व नंतर हात-तोंड साबणाने धुवावे. लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा काजळीशी असलेला संबंध शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच दाखवून दिला होता.

राख

राख रोज काढावी, अन्यथा जाळीखालून हवा शिरत नाही. वरून थंड भासणाऱ्या राखेत निखारे एक दिवसाहूनही अधिक काळ जिवंत राहतात. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून उघड्यावर ठेवावी. प्लॅस्टिकची बादली, उकिरडा आणि विशेषतः कडब्याची गंज यांच्या जवळपास ती टाकू नये. पत्र्याच्या बंबात राख ओली राहिली, तर तिच्यातील क्षार जस्ताचा मुलामा खातात.

पाणी व वाफ

२०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे अर्धा बंब भरून तो पेटवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण नळीचे डाग दिलेले सांधे पाण्यामुळेच थंड राहतात. पाण्याची पातळी खाली गेली की ते वितळून गळती सुरू होते. म्हणून आधी पाणी, मग आग, हा क्रम चुकवू नये. चुकून कोरडा तापलेला बंब निवल्याखेरीज त्यात पाणी ओतू नये. एकदम उसळणाऱ्या वाफेने भाजण्याची भीती असते.

पाणी लवकर तापावे म्हणून झाकण घट्ट आवळणे किंवा त्यावर वजन ठेवणेही घातक आहे. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. जड पाण्यामुळे आत क्षारांचा थर धरतो आणि तोटी तुंबते. चिंचेचे किंवा लिंबाचे पाणी रात्रभर भरून ठेवल्यास तो सुटतो. बाहेरून चिंच-मिठाने घासलेला बंब लखलखतो, परंतु ती चकाकी आतल्या सफाईची खूण नव्हे.

जळण

वाळलेली बाभूळ सावकाश व टिकून जळते. तूर पिकवणाऱ्या या भागात मुबलक मिळणाऱ्या तुराट्या भडकन पेटतात. त्या पेटवणीपुरत्याच घालाव्यात. प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, रंग दिलेले लाकूड जाळू नये. पेटत्या बंबात रॉकेल ओतू नये. लहान मुलांना बंबापासून दूर ठेवावे.

हंगामातील पहिल्या पेटवणीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : नळीतून उजेड दिसतो, जाळीखाली राख नाही, तोटीतून पाणी येते आणि झाकण सैल आहे. या तपासणीस पाच मिनिटे पुरतात.