‘करंट नाही’ म्हणजे काय नाही?

भिवंडीजवळच्या दापोड्यात गोदामांसमोर मालट्रक उभे असतात. त्यांतल्या डिझेलवर चालणाऱ्या एकाही ट्रकच्या इंजिनात आपल्याला स्पार्क प्लग सापडणार नाही. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पण त्याच रस्त्यावर एखादी जुनी पेट्रोल मोटार बंद पडली, तर मेकॅनिक आधी ठिणगी तपासतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, तरी तो म्हणतो, “करंट नाही.” मग नेमके काय नाही? उत्तरासाठी आपल्याला १८३१ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी मायकेल फॅरडेने लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडली, दुसऱ्याला प्रवाह दाखवणारी सुई. प्रवाह सुरू करताना आणि तोडताना सुई हलली. तो एकसारखा वाहत असताना मात्र ती स्वस्थ राहिली. म्हणजे दुसऱ्या वेटोळ्यात वीज निर्माण होते ती चुंबकत्व बदलत असतानाच.

१८३६ साली आयर्लंडमधल्या निकोलस कॅलनने जाड तारेच्या थोड्या वेढ्यांजवळ बारीक तारेचे पुष्कळ वेढे ठेवून मोठा दाब मिळवला. अडचण एकच होती. प्रवाह तोडताना तोडण्याच्या जागीच ठिणगी पडे, टोके जळत आणि प्रवाह झटकन थांबत नसे. प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या फिझोने १८५३ मध्ये तिथे धारित्र, म्हणजेच कंडेन्सर, जोडून हा दोष कमी केला. १८६० मध्ये लेन्वारने अशा कॉइलच्या ठिणगीवर गॅसचे इंजिन चालवले. पुढे १९१०च्या सुमारास चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि इंजिनाच्या फिरण्याबरोबर उघडणारे ‘पॉइंट’ यांची मोटारीसाठी जुळणी केली.

१९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यात बनलेल्या पद्मिनीतही हीच जुळणी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींचा काळ संपला. अशा जुन्या गाड्या दुरुस्त करताना मात्र हा इतिहास आजही उपयोगी पडतो.

आता तपासणी करू. सांडलेले पेट्रोल जवळ नको, आणि दाबाची तार उघड्या हाताने धरायची नाही. कॉइलमधून निघणाऱ्या मधल्या तारेचे टोक इंजिनाच्या धातूपासून थोडे दूर धरून इंजिन फिरवायचे. तिथे जोरदार ठिणगी पडली, तर कॉइलपर्यंत सारे ठीक. दोष पुढे, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण, रोटर, तारा किंवा प्लग यांत. पावसाळ्यात झाकणावरचा ओलावा पुसून पाहावा: बारा व्होल्टला तो फारसा बाधत नाही, पण हजारो व्होल्टना पळवाट देतो.

ठिणगी नसेल तर कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि गाडीच्या धातूला बारा व्होल्टचा लहान दिवा जोडायचा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझतो, उघडताच लागतो. म्हणून इंजिन फिरताना तो लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर काजळी आहे. मुळीच लागला नाही, तर बॅटरीकडून प्रवाह येत नाही, पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर आतून जोडला गेला आहे. दिवा लुकलुकतो पण ठिणगी नाही, तेव्हा संशय कंडेन्सर आणि कॉइलवर. पॉइंट फार जळलेले असतील तर आधी कंडेन्सरवर.

एवढे न करता थेट नवी कॉइल बसवली, तर गाडीवाल्याचे पैसे जातात आणि पॉइंटवरची काजळी तशीच राहते.

तेव्हा ‘करंट नाही’ याचा अर्थ बहुधा प्रवाह नाही असा नसतो. प्रवाह असतोही, तो वेळेवर आणि झटकन तुटत नाही. फॅरडेच्या सुईने दाखवले होते तेच हे. प्रवर्तनाचा धडा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना विचारून पाहू: बारा व्होल्टची बॅटरी नुसती जोडून ठेवली, तर प्लगमध्ये ठिणगी का पडणार नाही?