स्लेड आडनावाची कुळकथा

स्लेड हे इंग्रजी आडनाव वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात आले ते मॅडेलिन स्लेड, म्हणजेच गांधींच्या शिष्या मीराबेन यांच्यामुळे. त्याचा उगम जमिनीच्या ठेवणीत आहे. प्राचीन इंग्रजीत ‘स्लॅड’ म्हणजे दरी किंवा सखल, पुष्कळदा पाणथळ जमीन. अशा सखलात घर असलेल्या माणसाला गावकरी त्या जागेवरून ओळखत. या शब्दातला स्वर पुढे लांबला आणि ‘स्लेड’ हे रूप रुळले. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ मात्र स्लॅड नावाचे खेडे आजही जुन्या उच्चारानेच ओळखले जाते.

1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथे विल्यम, रॉबर्ट, जॉन अशी मोजकीच नावे फार चालू लागली. एकाच गावात अनेक जॉन असत. जमिनीचे हक्क, कर आणि वारसा यांच्या नोंदींत त्यांना वेगळे दाखवण्यासाठी नावापुढे बापाचे नाव, धंदा किंवा राहण्याची जागा लिहिली जाई. सखलातल्या माणसाची नोंद ‘द ला स्लेड’ किंवा ‘अ‍ॅट स्लेड’ अशी होई. आरंभी ही ओळख त्या माणसापुरतीच असे. त्याने घर बदलले की तीही बदले. हळूहळू ती मुलांकडे आली, आधीचे शब्दयोगी रूप गळाले आणि नुसते ‘स्लेड’ उरले. 1538 पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवणे सक्तीचे झाले. त्यामुळे आडनावे आणखी पक्की झाली, तरी स्पेलिंग दीर्घकाळ लिहिणाऱ्याच्या मर्जीवर होते.

सखल जमीन गावोगावी असल्याने हे आडनावही अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झाले. म्हणून सगळ्या स्लेडांचा मूळ पुरुष एक नाही. डेव्हन आणि सॉमरसेट या नैर्ऋत्येकडच्या परगण्यांत ते विशेष आढळते. ग्रीनस्लेड, म्हणजे हिरव्या सखलातला, हे त्याच शब्दावरून आलेले डेव्हनकडचे आडनाव. आर्वीकर, हिंगणघाटकर या आडनावांत गाव सांगितलेले असते; स्लेडमध्ये गाव नसून भूरूप आहे. त्या अर्थाने ते डोंगरे या आडनावाला अधिक जवळचे.

एकोणिसाव्या शतकात या आडनावाची काही माणसे नावारूपाला आली. सर जॉन स्लेड या सेनानीला 1831 मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांचे पुत्र अ‍ॅडॉल्फस यांनी तुर्कस्तानच्या आरमारात हुद्दा मिळवला. संग्राहक फेलिक्स स्लेड यांच्या देणगीतून लंडनमध्ये 1871 साली स्लेड कलाशाळा सुरू झाली.

मॅडेलिन यांचा जन्म 1892 चा. वडील एडमंड स्लेड हे ब्रिटिश नौदलातले अधिकारी. ते ईस्ट इंडीज विभागाचे प्रमुख असताना त्या काही काळ मुंबईत राहिल्या. पुढे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यामुळे त्यांना गांधींची ओळख झाली आणि नोव्हेंबर 1925 मध्ये त्या साबरमती आश्रमात आल्या. तिथे गांधींनी त्यांचे नाव मीरा ठेवले. सरकारी कागदांत आणि इंग्रजी वृत्तपत्रांत मात्र त्या ‘मिस स्लेड’च राहिल्या.

पुढे वर्ध्याला आल्यावर जवळच्या सिंदी गावात त्यांनी सफाईचे काम केले. नंतर त्या सेगावला राहायला गेल्या. या गावाची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, उद्योगपती जमनालाल बजाज यांच्याकडे होती. 1936 मध्ये गांधीही तिथे आले. आज बापू कुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी आधी मीराबेन यांची होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी गल्लत होऊन टपाल चुकू लागल्याने 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. मीराबेन यांनी पुढची वर्षे हिमालयाच्या पायथ्याशी काढली, 1959 मध्ये भारत सोडला आणि 1982 मध्ये ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले. वर्धा परिसरात त्यांची ओळख मीराबेन या नावानेच टिकली. स्लेड हे आडनाव राहिले ते चरित्रांत आणि दप्तरांत.