गव्हाची प्रत ठरवणारी निवडणूक : नॉर्थ डकोटा, १९१६



आज पीक-पाण्याच्या नोंदीऐवजी एका निवडणुकीची नोंद टाकतोय. निवडणूक अमेरिकेतली आहे आणि शंभर वर्षांपूर्वीची आहे. तरी ती या पेजवर शोभते, कारण तिचं मूळ एकाच प्रश्नात होतं : शेतकऱ्याच्या गव्हाला कोणती प्रत लावायची, हे कोण ठरवणार?

नॉर्थ डकोटा हे अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेवरचं राज्य. हिवाळा कडक, म्हणून गहू वसंतात पेरायचा आणि ऑगस्टच्या आसपास काढायचा. तिथे तेव्हा मोठी शहरं जवळजवळ नव्हतीच, बहुतेक लोक शेतीवरच जगणारे. गावात रेल्वेला लागून धान्याची उंच कोठारं असत, त्यांना एलेव्हेटर म्हणतात. शेतकरी तिथे गाडी रिकामी करायचा आणि माल रेल्वेने शेजारच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि डुलुथला जायचा. मोठे व्यापारी तिथे, गिरण्या तिथे, भावही तिथलाच.

आता गंमत बघा. प्रत लावणारा आणि विकत घेणारा एकाच बाजूचे. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर अशी उतरंड. शिवाय कचरा-मातीपोटी वजनातून कापणी, म्हणजे आपल्याकडच्या कडत्याचाच प्रकार. शेतकऱ्यांची तक्रार अशी, की आमच्याकडून खालच्या प्रतीने घेतलेला गहू कोठारात मिसळून वरच्या प्रतीने पुढे जातो, आणि मधला फरक आम्हाला दिसतसुद्धा नाही.

यावर त्यांची मागणी साधी होती : राज्याने स्वतःचं मोठं एलेव्हेटर काढावं. १९१२ आणि १९१४ अशा दोन वेळा मतदारांनी त्यासाठी घटनादुरुस्तीला कौल दिला. तरीही १९१५ मध्ये विधिमंडळाने तो विषय बाजूला सारला. ‘घरी जा आणि डुकरांना खायला घाला’ असं एक आमदार शेतकऱ्यांना म्हणाल्याची गोष्ट गावोगाव फिरली. आपण असं बोललोच नाही, असं तो आमदार सांगत राहिला. पण दोनदा मत देऊनही काम झालं नाही, हे कुणी नाकारू शकत नव्हतं.

त्याच वर्षी आर्थर टाउनली नावाचा माणूस पुढे आला. हा बीच गावाकडचा जवसाचा मोठा शेतकरी. हजारो एकरांवर जवस केलं, हवामान आणि भाव दोन्हींनी दगा दिला, आणि तो कर्जात बुडाला. त्याने ‘नॉनपार्टिझन लीग’ उभी केली, म्हणजे पक्ष न मानणारी संघटना. कार्यकर्ते फोर्ड गाड्यांतून शेतोशेत फिरायचे आणि वर्गणी गोळा करायचे. हातात पैसा नसेल तर पुढच्या तारखेचा चेक चालायचा, हंगाम निघाल्यावर वटवायचा. लीगने स्वतःचं साप्ताहिकही काढलं.

मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. आधी उमेदवार नाही, आधी मागण्यांची यादी. एक, राज्याच्या मालकीची एलेव्हेटर, पिठाच्या गिरण्या आणि शीतगृहं. दोन, धान्याची प्रत आणि कापणी यांची तपासणी राज्याने करायची. तीन, शेतातल्या सुधारणांवर कर नको. चार, राज्याचा गारपीट विमा. पाच, ना नफा तत्त्वावर शेतीकर्ज. पाच कलमं, आणि शेतातल्या माणसाला तोंडपाठ होतील अशी.

मग आला उमेदवारांचा प्रश्न. तिथे गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नव्हे. तो राज्याचा कारभार चालवणारा, थेट लोकांनी निवडलेला प्रमुख, आणि तेव्हा त्याची मुदत दोनच वर्षांची. पण तो एकटाच निवडून येत नाही. महाधिवक्ता, खजिनदार, लेखापाल, शेती व कामगार आयुक्त, शाळाखात्याचा अधीक्षक, विमा आयुक्त, ही पदंसुद्धा तेव्हा राज्यभरच्या मतदानाने भरली जायची. गारपीट विमा हवा तर विमा आयुक्त आपला लागतो, कोर्टकज्जे होणार तर महाधिवक्ता आपला लागतो. म्हणून लीगने संपूर्ण पॅनेल उभं केलं.

नवा पक्ष मात्र काढला नाही. राज्यात रिपब्लिकन पक्षाचा जोर होता आणि पक्षाचा उमेदवार मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवायचे. लीगने त्याच दारातून आपली माणसं आत घातली. गाव पातळीच्या बैठकांतून प्रतिनिधी निवडले, आणि १९१६ च्या वसंतात फार्गोच्या मेळाव्यात नावं ठरली. गव्हर्नरपदासाठी लिन फ्रेझियर. हूपल गावचा शेतकरी, राज्याच्या विद्यापीठातून शिकलेला, राजकारणात नवखा. जूनमधली प्राथमिक निवडणूक त्याने जिंकली.

त्याच हंगामात गव्हावर खोडावरचा काळा तांबेरा आला, इतका की १९१६ हे साल अमेरिकेच्या गहू-इतिहासात तांबेऱ्याचं म्हणून लिहिलं गेलं. दाणा चिमला. चिमलेल्या दाण्याचं मापातलं वजन, आपण ज्याला हेक्टोलिटर वजन म्हणतो, ते कमी भरतं. व्यापाऱ्यांनी असा गहू ‘फीड’ म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या प्रतीत टाकला. फार्गोच्या कृषी महाविद्यालयात एडविन लॅड नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी असा गहू दळून, पाव भाजून दाखवला : पिठाचा उतारा थोडा कमी, पण पीठ चांगलं. भावात जेवढी कपात होत होती तेवढी गुणवत्तेत नव्हती. कृषी शाखेच्या मित्रांनी ही ओळ पुन्हा वाचावी. शेतकऱ्याचा संशय आधीपासून होता, पण त्याला प्रयोगशाळेचा आकडा मिळाला की तो दाबता येत नाही.

७ नोव्हेंबर १९१६ ला मतदान झालं. बायकांना तेव्हा तिथे गव्हर्नरसाठी मत नव्हतं, म्हणजे हा कौल पुरुषांचा. फ्रेझियरला जवळपास ७९ टक्के मतं पडली. पॅनेलमधली बाकीची पदंही आली, फक्त खजिनदाराची जागा गेली. तिथे लीगचा उमेदवार डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. पण त्याच दिवशी, त्याच राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांनी थोडक्या मतांनी बाजी मारली. म्हणजे बऱ्याच मतदारांनी गव्हर्नर एका पक्षाचा आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा निवडला. मत चिन्हाकडे बघून नव्हे, कामाकडे बघून पडलं.

तरी लगेच काही मिळालं नाही. खालचं सभागृह लीगकडे आलं, पण वरच्या सभागृहातल्या निम्म्याच जागांची निवडणूक होती. जुन्या सिनेटरांनी १९१७ मध्ये मुख्य योजना अडवली. १९१८ ला लोकांनी पुन्हा कौल दिला, दोन्ही सभागृहं आली, आणि १९१९ मध्ये कायदे झाले. राज्याची बँक २० लाख डॉलर भांडवलावर सुरू झाली. गिरणी-एलेव्हेटर मंजूर झालं, गारपीट विमा आला. हे सगळं गव्हर्नर, महाधिवक्ता आणि शेती आयुक्त अशा तिघांच्या औद्योगिक आयोगाखाली ठेवलं. विरोधक कोर्टात गेले, पण १९२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निकाल दिला.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. टाउनली स्वतः कोणत्याही पदावर नव्हता, तरी सूत्रं त्याच्या हातात आहेत अशी टीका झाली, आणि ती अगदीच खोटी नव्हती. बँकेच्या कारभारावर बोट ठेवलं गेलं. राज्याचे रोखे घ्यायला मोठे सावकार तयार नव्हते. महायुद्ध संपल्यावर गव्हाचा भाव कोसळला. २८ ऑक्टोबर १९२१ ला मतदारांनी फ्रेझियर, महाधिवक्ता आणि शेती आयुक्त या तिघांना मुदत संपण्याआधीच परत बोलावलं. अमेरिकेत असा परत बोलावलेला हा पहिला गव्हर्नर. दुसरा थेट २००३ मध्ये कॅलिफोर्नियात.

पण त्याच मतपत्रिकेवर बँक मोडीत काढण्याचाही प्रस्ताव होता. तो लोकांनी फेटाळला! माणसं घरी पाठवली, संस्था ठेवली. ग्रँड फोर्क्सची सरकारी गिरणी १९२२ मध्ये सुरू झाली तेव्हा गव्हर्नर विरोधी गटाचा होता. आज ती गिरणीही चालू आहे आणि ती बँकही. फ्रेझियरला त्याच लोकांनी वर्षभरात दिल्लीसारख्या त्यांच्या राजधानीत, वॉशिंग्टनला सिनेटर म्हणून पाठवलं. लॅड तर त्याच्याआधीच १९२० मध्ये सिनेटवर निवडून गेले होते.

मला यातून दिसतं ते असं. नेत्यावर भरवसा ठेवून उभं राहिलेलं काम नेत्याबरोबर पडतं. इथे मागणी आधी लिहिली गेली, मग माणूस शोधला, म्हणून माणूस पडला तरी मागणी उभी राहिली. आणि तिची सुरुवात भाषणातून झाली नाही. झाली ती एका साध्या प्रश्नातून : माझ्या पोत्यातून किती कापलं, आणि कशासाठी?

पुढच्या वेळी माल घालाल तेव्हा पावतीवर प्रत, ओलावा आणि कपात हे तीन रकाने वेगळे लिहून घ्या. वर्षभराच्या पावत्या जपून ठेवा. तुमच्याकडच्या बाजारात प्रत कोण आणि कशी लावतं, तेही इथे लिहा. सगळ्यांच्या नोंदी एकत्र बघू.