विटीदांडूचे शिक्षण आणि लिखित नियमांची मर्यादा

१

महाराष्ट्रातील देशी खेळांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम संस्थांकडे वळते, आणि हे स्वाभाविकच आहे. कारण कागदपत्रे संस्थांनीच मागे ठेवली आहेत. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ मध्ये स्थापन झाला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मधील. हुतूतू व खो-खो ह्या खेळांना एकसूत्री नियम देण्याच्या कामी बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२० नंतरच्या काही वर्षांत पुढाकार घेतला, आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते कार्य चालविले. १९३६ ते १९४९ ह्या काळात बडोद्याहूनच द. चिं. करंदीकर-मुजुमदार ह्यांनी संपादिलेले ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड प्रसिद्ध झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी अमरावतीच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ह्या घटनाक्रमावरून जो इतिहास सामान्यतः लिहिला जातो त्याचा आशय असा, की गावोगावी वेगवेगळ्या रीतींनी खेळले जाणारे खेळ संस्थांनी एकत्र आणले, त्यांना नियम दिले आणि त्यायोगे ते टिकले.

हुतूतू व खो-खो ह्यांच्या बाबतीत हे विधान यथार्थ आहे. हुतूतूचे ‘कबड्डी’ झाले, १९५० मध्ये त्याचा अखिल भारतीय महासंघ निघाला आणि १९९० च्या बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्याला स्थान मिळाले. खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. परंतु विटीदांडूचे काय? त्याचेही नियम लिहिले गेले. साधनांची मापे व डावांची संख्या निश्चित करण्याचे प्रयत्न झाले. मात्र त्याला हे भाग्य लाभले नाही. एकाच उपायाचे असे दोन परिणाम का व्हावेत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. क्रिकेटने विटीदांडूला मागे सारले, हे उत्तर पुरेसे नाही. क्रिकेट तर कबड्डी आणि खो-खो ह्यांच्याही शेजारी वाढले. ह्या प्रश्नाचे उत्तर विटीदांडू शिकण्याच्या पद्धतीत शोधावे लागते.

२

खेळाचे सर्वसाधारण स्वरूप परिचित आहे. जमिनीत एक लांबट खाच खणावयाची. तिला गल, गली किंवा प्रदेशपरत्वे आणखी काही म्हणतात. खाचेवर विटी आडवी ठेवून खेळणारा दांडूने ती दूर कोलतो. राज्य असलेल्या पक्षाने विटी वरच्यावर झेलली तर तो बाद होतो. झेलली गेली नाही तर खेळणारा दांडू गलीवर आडवा ठेवतो आणि विटी जेथे पडली तेथून प्रतिपक्षाचा गडी ती दांडूच्या रोखाने फेकतो. विटी दांडूला लागली तरीही डाव गेला. न लागल्यास टोल्याची पाळी येते: विटीच्या निमुळत्या टोकावर दांडू मारून ती उडवावयाची आणि हवेत असतानाच तिला टोला द्यावयाचा. विटी जेथे जाऊन पडेल तेथपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूच्या लांबीने मोजले जाते.

हे सारे कोणी कोणाला पाठ म्हणून शिकविले नाही. लहान मुलाचा प्रवेश ‘लिंबूटिंबू’ किंवा ‘कच्चा लिंबू’ म्हणून होत असे. तो बाद झाला तरी बाद धरला जात नसे, आणि त्याने मिळविलेले गुणही हिशेबात येत नसत. लांब गेलेली विटी शोधून आणणे हे त्याचे पहिले काम. क्षुल्लक दिसणाऱ्या ह्या कामातच अंतराचा पहिला अभ्यास होई; विटी कोणत्या टोल्याने किती दूर जाते, वाऱ्याने कोणीकडे वळते आणि खडकाळ जागी पडल्यावर कशी उसळते, हे त्याला पायांनी कळत असे. त्यानंतर दांडूच्या रोखाने विटी फेकण्याची संधी मिळे, मग कोलण्याची, आणि अखेरीस टोल्याची. ह्या क्रमात सोप्याकडून कठिणाकडे जाण्याची एक व्यवस्था आहे. ती कोणी आखली नसली तरी तिच्यात शिक्षणशास्त्राचे तत्त्व स्पष्ट दिसते.

३

ह्या मौखिक शिक्षणाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मोजणीचे शब्द. विटीदांडूच्या एका प्रसिद्ध प्रकारात अंतर मोजताना ‘एक, दोन, तीन, चार’ असे न म्हणता ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे म्हणतात. पुढील शब्दांत स्थलपरत्वे फरक आढळतो. हे पहिले चार बरेच स्थिर आहेत. मोजणीच्या अखेरीस कोणता शब्द येतो त्यावरून पुढचा टोला कसा मारावयाचा हे ठरते. विटी पायाच्या चवड्यावर, मुठीवर किंवा हाताच्या पाठीवर ठेवून ती उडवावी लागते. म्हणजे ही गणना केवळ गुणांची नोंद नसून पुढील कृतीची आज्ञा आहे.

हे शब्द मराठी संख्यावाचकांपैकी नाहीत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ह्या शब्दांशी त्यांचे साम्य उघड आहे. कानडीतील ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु ह्यांच्याशी ताडून पाहिले तर साम्य तेलुगूकडेच अधिक झुकते. एवढ्यावरून हा खेळच आंध्रातून आला असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. शब्दांचा प्रवास आणि खेळाचा प्रवास ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. परंतु एक गोष्ट निश्चितपणे म्हणता येते. अर्थ न कळता, केवळ खेळाच्या गरजेपोटी, मुलांच्या पिढ्यांनी परभाषेतील संख्या क्रमाने व बिनचूक जतन केल्या. कोणत्याही पाठशाळेत हे शब्द शिकविले गेले नाहीत. तुकारामांच्या गाथेत फुगडी, टिपरी, हमामा, चेंडूफळी अशा खेळांवर अभंग आहेत. त्यांवरून खेळांची लोकप्रियता कळते, पण ते शिकण्याची रीत कळत नाही. ती ह्या चार शब्दांतून कळते.

४

ह्यांतील ‘नाल’ हा शब्द ऐकताच मराठी माणसाला घोड्याच्या खुराखालचा नाल आठवेल. दोहोंचा संबंध केवळ उच्चारसाम्याचा आहे. तथापि नाल खुंटीवर फेकण्याचा जो खेळ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाला, त्याच्याशी विटीदांडूची तुलना प्रस्तुत प्रश्नाच्या उलगड्यास उपयोगी पडते. दोन्ही खेळांचा उगम श्रमजीवनाजवळचा आहे: तेथे झिजलेला नाल, येथे तोडलेल्या फांदीचे दोन तुकडे. दोहोंत जमिनीवरील लक्ष्यावर वस्तू फेकण्याचे कौशल्य आहे. तेथेही खेळ प्रथम वडीलधाऱ्यांचे पाहून अंगणात शिकला जाई, आणि तेथेही विसाव्या शतकाच्या आरंभी संघटना व नियम आले. १९०९ मध्ये कॅन्सस राज्यातील ब्रॉन्सन येथे अजिंक्यपदाची स्पर्धा झाली, आणि १९१४ मध्ये कॅन्सस सिटी येथे पहिली संघटना निघाली.

नियमांनी त्या खेळाचे काय केले? पुरुषांसाठी दोन खुंट्यांमधील अंतर ४० फूट ठरले. खुंटीची उंची सुमारे १५ इंच आणि नालाचे वजन जास्तीत जास्त २ पौंड १० औंस ठरले. नाल खुंटीभोवती बसला तर ३ गुण आणि खुंटीपासून ६ इंचांच्या आत सर्वांत जवळ पडला तर १ गुण, अशी गणना रूढ झाली. घोड्याच्या पायातील खरा नाल मागे पडून खेळासाठीच घडविलेला नाल आला. आणि अंतर कायम झाल्याबरोबर शिक्षणाचे स्वरूप बदलले. नाल हवेत किती फिरला असता त्याचे उघडे तोंड खुंटीसमोर येईल ह्याचा हिशेब करता येऊ लागला: सव्वा फेरा किंवा पावणेदोन फेरे. १९२० मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रनच्या जॉर्ज मे ह्याने ह्या उघड्या तोंडाच्या फेकीने अजिंक्यपद मिळविले, आणि मग ती रीत सर्वांनी उचलली. ती पुस्तकात लिहिता येते, एकट्याने अंगणात घोटता येते, आणि शंभर फेकींपैकी किती लागल्या हे मोजून दुसऱ्या गावच्या खेळाडूशी ताडून पाहता येते. नियम, पुस्तक, सराव आणि उच्चांक ही साखळी तेथे सहज जुळली, कारण प्रत्येक फेक मागच्या फेकीसारखीच असते.

विटीदांडूत नेमके हेच घडत नाही. दांडूच्या रोखाने विटी फेकणारा कोठून फेकणार हे प्रतिपक्षाच्या कोलण्यावर अवलंबून असते. एकदा दहा पावले, एकदा चाळीस; एकदा चढावरून, एकदा झुडपाआडून. खुद्द मापनाचे साधन, म्हणजे दांडू, हेच एका डावाचे लक्ष्य आणि दुसऱ्या डावाचे हत्यार असते. काही ठिकाणी तर खेळणाऱ्याने अंतराचा अंदाज बांधून तितके दांडू ‘मागावयाचे’, आणि प्रतिपक्षाने ते मान्य करावयाचे किंवा मोजून पाहावयाचे, अशी रीत आहे. म्हणजे येथे अंदाज हाच खेळ आहे आणि त्यावरील वाद हा त्याचा भाग आहे. नियमपुस्तिका दांडूची लांबी ठरवू शकते. अंदाज ठरवू शकत नाही. कबड्डी व खो-खो ह्यांत प्रतिस्पर्धी माणूस बदलता असला तरी क्षेत्र स्थिर असते; पुरुषांच्या कबड्डीला १३ मीटर बाय १० मीटर एवढे अंगण पुरते. विटीदांडूचे क्षेत्र टोल्यागणिक बदलते. म्हणून लिखित नियमांनी पहिल्या दोघांना आधार दिला आणि तिसऱ्याला दिला नाही. शिवाय उडत्या विटीने डोळ्याला होणारी इजा भारतीय नेत्रवैद्यकांनी नोंदलेली आहे. शाळेच्या क्रीडांगणावर हा खेळ आणण्यात ती अडचण निराळीच होती.

५

पुस्तकाचा आधार नसलेला खेळ जागेच्या आधारावर जगतो. मुंबईच्या उपनगरांच्या इतिहासात ह्याची प्रचिती येते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही स्थाने साष्टीच्या ग्रामीण प्रदेशातील. १८६७ पासून पश्चिमेकडील गाड्या अंधेरी व बोरिवलीवरून धावू लागल्या, तरी गावठाणे, भातखाचरे आणि वाड्या दीर्घकाळ टिकून होत्या. १९१५ च्या नगररचना अधिनियमानंतर ह्या भागांत आखीव रस्त्यांच्या योजना आल्या. १९२० मध्ये उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाली.

ह्या स्थित्यंतरात मोकळी जागा केवळ कमी झाली असे नाही. तिचा प्रकार बदलला. पूर्वीची मोकळी जागा कापणीनंतरच्या शेताची, वाडीच्या कडेची किंवा बांधकाम न झालेल्या भूखंडाची होती. तिच्यावर खेळण्याचा हक्क लिहिलेला नव्हता आणि तिच्या सीमाही आखलेल्या नव्हत्या. १९६७ मध्ये मंजूर झालेल्या बृहन्मुंबईच्या विकास आराखड्याने व त्यापुढील आराखड्यांनी ‘क्रीडांगण’ म्हणून भूखंड राखून ठेवले. हे राखीव भूखंड नसते तर आज उपनगरांत खेळावयास जागाच उरली नसती, हे मान्य केले पाहिजे. परंतु राखीव क्रीडांगण हे मोजलेले क्षेत्र असते. त्यावर मोजलेले खेळ बसतात. कबड्डीचे अंगण तेथे आखता येते. विटीदांडूला मात्र हद्द नसलेले रान आणि गल खणता येईल अशी माती लागते. डांबरी अंगणात आणि फरशीच्या पटांगणात गल खणताच येत नाही. आणि गल नाही तेथे कोलणे नाही, दांडू आडवा ठेवणे नाही, मोजणीचा आरंभबिंदूही नाही.

जागेबरोबर शिकण्याची साखळीही तुटते. ‘लिंबूटिंबू’ला शिकण्यासाठी आपल्याहून चारसहा वर्षांनी मोठी मुले एकाच मैदानावर रोज भेटावी लागतात. शाळेच्या इयत्तांनी आणि वयोगटांच्या स्पर्धांनी मुलांना समवयस्कांत वाटून दिले. समवयस्कांच्या गटाला शिक्षक लागतो. वेगवेगळ्या वयांच्या गटाला तो लागत नाही. विटीदांडू एका पिढीत विसरला जाऊ शकतो तो ह्यामुळे. कबड्डीचा संघ दहा वर्षे बंद पडला तरी पुस्तक आणि पंच ह्यांच्या साहाय्याने पुन्हा उभा करता येतो. ‘वकट’नंतर ‘लेंड’ म्हणणारा मुलगा एकदा नाहीसा झाला की त्याची जागा नियमपुस्तिका भरून काढू शकत नाही.

६

ह्या विवेचनावरून संशोधनाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की देशी खेळांचा इतिहास केवळ संस्थांच्या अहवालांवरून आणि नियमपुस्तिकांवरून लिहिला, तर ज्या खेळांना नियम मानवले त्यांचाच तो इतिहास होईल. ज्यांना मानवले नाहीत ते मागासलेले किंवा अविकसित होते, असा चुकीचा ग्रह त्यातून बळावतो. विटीदांडू अविकसित नव्हता. त्याने शिकविलेले कौशल्य, म्हणजे अनिश्चित अंतराचा अंदाज, हे नियमाच्या पकडीत येणारे नव्हते, इतकेच.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. ह्या खेळाची खरी साधने अद्याप काही प्रमाणात जिवंत आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील गावठाणांत व जुन्या वसाहतींत हा खेळ खेळलेली वृद्ध माणसे आहेत. मोजणीचे पाचव्या शब्दापासूनचे पाठभेद, प्रत्येक शब्दाशी जोडलेला टोला, दांडू ‘मागण्या’ची रीत, गलीला त्या त्या ठिकाणी असलेले नाव आणि लिंबूटिंबूचे संकेत ह्यांची गाववार नोंद करणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. शब्दांच्या पाठभेदांचा नकाशा तयार झाला तर तेलुगू संख्यांचा हा मार्ग कोकणात कोणीकडून उतरला, ह्या भाषेतिहासाच्या प्रश्नावरही प्रकाश पडेल. नियमपुस्तिका ग्रंथालयात पन्नास वर्षांनीही वाचता येईल. ह्या नोंदींना तेवढा अवधी नाही.