पाय पुढे की पाय खाली? क्रूझरच्या फूटपेगची गोष्ट

आजचा भाग गाडीच्या अशा जागेबद्दल आहे, जिच्याकडे शोरूममध्ये फारसं कुणी बघत नाही. किती सीसी, आवाज कसा, हप्ता किती बसेल, हे सगळं विचारून होतं. पाय नेमके कुठे ठेवायचेत, हे मात्र पहिल्या लांबच्या राइडला कळतं, आणि तेसुद्धा पायांना नाही, कमरेला कळतं.

रॉयल एन्फिल्डच्या दोन गाड्या घ्या. सुपर मीटिऑर 650 आणि शॉटगन 650. इंजिन तेच, 648 सीसीचं. वजनात फरक जेमतेम एका किलोचा. पण सुपर मीटिऑरची सीट जमिनीपासून 740 मिलिमीटरवर आहे आणि शॉटगनची 795 वर. हे वरचे 55 मिलिमीटर लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्यातच आहे. सुपर मीटिऑरवर पाय पुढे जातात, शॉटगनवर ते खाली येतात.

आता शब्द नीट करून घेऊ. फूटपेग, गिअरचं पेडल आणि मागच्या ब्रेकचं पेडल असा सगळा संच गुडघ्यांच्या बराच पुढे असेल तर ते फॉरवर्ड कंट्रोल. आरामखुर्चीत पाय पसरून बसतो ना, तसं. तोच संच साधारण गुडघ्यांच्या खाली असेल तर मिड कंट्रोल, म्हणजे जेवणाच्या टेबलापाशी बसल्यासारखं. मधल्या जागाही असतात. सुपर मीटिऑरचे पेग पुढे आहेत, पण हार्लेच्या काही गाड्यांवर ते याहून बरेच पुढे असतात.

एकेकाळी अमेरिकेत हा प्रश्नच नव्हता. मोठ्या हार्लेवर बूट ठेवायला सपाट फूटबोर्ड असायचे. डावा पाय क्लच दाबायचा आणि गिअर हाताने टाकायचा, टाकीशेजारच्या दांडीने. 1952 मध्ये हार्लेने मोठ्या गाड्यांवर पायाचा गिअर आणि हाताचा क्लच द्यायला सुरुवात केली. आता पेडलला फक्त एक कळ दाबायची होती, आणि ती कळ लांब रॉड लावून कितीही पुढे नेता येते. म्हणजे इंटरफेस आणि इंजिन वेगळे झाले. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल.

मग ती पुढे का नेली? सगळे म्हणतात स्टाइल. स्टाइल होतीच, पण आधी भूमिती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण जुन्या गाड्या घेऊन त्यांच्यावरचं जड सामान उतरवायला लागले. मडगार्ड कापा, सीट खाली आणा, जे लागत नाही ते काढून टाका. या गाड्यांना बॉबर म्हणायचे. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात हेच टोकाला गेलं आणि चॉपर आली. पुढचा फोर्क लांबलचक, चाक कुठेतरी दूर, आणि सीट मागच्या चाकाच्या अगदी डोक्यावर, जमिनीलगत.

एक प्रयोग करा. घरातल्या लहान मुलाच्या स्टुलावर बसा आणि पाय सरळ खाली ठेवा. गुडघे छातीशी येतात. आता पाय पुढे पसरा. सुटलात! चॉपरवर नेमकं हेच झालं. सीट खाली आणली की पायांना वर-खाली जागा उरत नाही, मग ते पुढेच जातात. शॉटगनच्या त्या 55 मिलिमीटरमागेही हेच गणित आहे. पेग गुडघ्याखाली हवेत तर सीट वर न्या. ती खालीच हवी असेल तर पाय पुढे पाठवा. दोन्ही एकदम मागाल तर गुडघे दुमडून बसावं लागेल.

भूमितीला साथ मिळाली ती रस्त्यांची. 1956 मध्ये अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो मैल रुंद, सरळ रस्ते झाले. तासन्‌तास एकाच गिअरमध्ये जायचं असेल तर पाय पसरलेले बरे वाटतात. याच काळात लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफेपाशी जमणारी ब्रिटिश पोरं बरोबर उलटं करत होती. त्यांनी पेग मागे नेले, कारण त्यांना वळणांवर टाकीवर झुकून पळायचं होतं. दशक तेच. एकाने पाय पुढे नेले, दुसऱ्याने मागे.

1969 मध्ये ‘इझी रायडर’ आला आणि पाय पुढे टाकून बसलेला पीटर फोंडा जगभर पोचला. त्यातल्या गाड्या क्लिफ वॉज (Vaughs) आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय माणसांनी घडवल्या होत्या. सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नाही, आणि कित्येक वर्षं बहुतेक चाहत्यांना ते माहीतही नव्हतं. जगाने ज्या बसण्याच्या पद्धतीची नक्कल केली, तिच्या कारागिरांचं नाव लिहायला कुणाला वेळ नव्हता. असो.

खुद्द हार्ले कंपनी या लाटेत सावकाश उतरली. 1971 च्या सुपर ग्लाइडने चॉपरवाल्यांकडे पाहून डोळा मारला. 1980 मध्ये वाइड ग्लाइड आली, ती कारखान्यातूनच फॉरवर्ड कंट्रोल लावून. आणि गंमत बघा, लगेच 1982 मध्ये याच कंपनीने एफएक्सआर काढली. फ्रेम कडक, इंजिन रबरावर बसवलेलं, पेग मिडला. खरंच दामटून गाडी चालवणाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. पुढे ‘सन्स ऑफ अनार्की’ मालिकेतल्या डायना गाड्यांमुळे हीच जमात पडद्यावर आली आणि उंच हँडल, मिड पेगवाली स्टाइल पोरांच्या वॉलपेपरवर जाऊन बसली. म्हणजे एकाच कंपनीत दोन वर्षांच्या अंतराने दोन उत्तरं. माझं मत विचाराल तर दिसायला वाइड ग्लाइड, चालवायला एफएक्सआर.

आता शरीराकडे येऊ, कारण खरी किंमत तिथे मोजली जाते. मिड पेगवर खड्डा दिसला की तुम्ही मांड्यांवर जोर देऊन बूड सीटवरून जरासं उचलता. गुडघे सस्पेन्शनचं काम करतात. फॉरवर्डवर पाय समोर असतात, त्यांच्यावर उभं राहता येत नाही. उठायचं तर हँडल ओढावं लागतं. म्हणून धक्का सरळ माकडहाडात आणि तिथून मणक्यात. त्यात वेग वाढला की समोरचा वारा छातीवर येतो, आणि पाय पुढे असल्यामुळे शरीराचा भार हातांनी धरून ठेवावा लागतो. उलट मिडचेही त्रास आहेत. सिग्नलला पाय खाली टेकवताना पेग पोटरीला लागतो, आणि पाय लांब असतील तर दीडशे किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागतात.

आपल्याकडे ही बैठक परवडणाऱ्या किमतीत आणली ती पुण्याच्या बजाजने. 2001 मध्ये कावासाकीसोबत एलिमिनेटर आणली, मग 2005 मध्ये अ‍ॅव्हेंजर. लांब गाडी, खाली सीट, पाय पुढे. कित्येकांसाठी क्रूझर म्हणजे अ‍ॅव्हेंजरच.

पण ज्या रस्त्यासाठी पाय पुढे गेले, तो रस्ता आपल्याला मिळालाच नाही. महाराष्ट्रातले लांब, सरळ, न थांबता जायचे रस्ते आठवा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतू. तिन्हींवर दुचाकीला बंदी! आपल्या वाट्याला जुना हायवे, घाट, गावागणिक स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे. म्हणजे नेमकं तेच, जिथे बूड उचलता यायला हवं.

मग फॉरवर्ड घेऊच नये का? तसं नाही. पाय लांब असतील, गुडघा वाकवायला त्रास होत असेल, घाट कमी आणि सपाट पट्टा जास्त असेल, तर बिनधास्त घ्या. पण कमी उंचीच्या मित्रमैत्रिणींनी एक सापळा ओळखावा. सीट खाली आहे, दोन्ही पाय टेकतात, म्हणून ते क्रूझर घेतात. पण सीट खाली म्हणजे पेडल पुढे. थांबलेली गाडी झकास वाटते, आणि चालत्या गाडीत ब्रेक दाबायला टाच सरकवावी लागते, कंबर पुढे घसरते. टेस्ट राइडला फक्त पाय टेकतात का बघू नका. बसल्या जागेवरून, पाठ न हलवता, ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलं जातं का ते बघा. मग हँडल न ओढता सीटवरून दोन इंच उठता येतं का तेही. जमलं नाही तर गाडी कितीही आवडली तरी दुसरी बघा, किंवा पेग हलवता येणारी घ्या. कावासाकीच्या वल्कन एस वर पेग तीन जागी बसवता येतात, मधल्या जागेपासून इंचभर पुढे किंवा मागे.

आणि शेवटचं. मिड पेगची गाडी घेऊन समोरच्या लेगगार्डवर नुसते हायवे पेग लावायची सध्या फॅशन आहे. पाय मोकळे होतात, खरं आहे. पण तिथे पेडल नाही. पाय तिथून उचलून मागे ब्रेकवर आणायला समजा अर्धा सेकंद लागला. ताशी 80 किलोमीटरला गाडी तेवढ्यात 11 मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळपास एका एसटी बसची लांबी. मोकळ्या रस्त्यावर, समोर दूरपर्यंत दिसत असेल तर वापरा. गाव जवळ आलं की पाय आत.