मोठ्या कुरंगांच्या शिकारीतील काडतूस व गोळीची निवड

मोठ्या कुरंगांच्या शिकारीतील काडतूस व गोळीची निवड हा शिकारी रायफलींच्या अभ्यासातील एक व्यावहारिक विषय आहे. एलंड, कुडू, गेम्सबॉक, नू, नीलगाय यांसारख्या वजनदार प्राण्यांना कमीत कमी वेदना होऊन लवकर मृत्यू यावा, यासाठी कोणत्या व्यासाची, वजनाची, वेगाची आणि रचनेची गोळी वापरावी, याचा विचार त्यात केला जातो. हा विषय मुख्यत्वे दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे यांसारख्या देशांशी निगडित आहे. तेथे परवाना घेऊन केलेली शिकार कायदेशीर आहे. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे.

बोलीभाषेत संपूर्ण काडतुसालाच 'गोळी' म्हणण्याची पद्धत आहे. प्रस्तुत लेखात मात्र पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेला प्रायमर, आतील दारू आणि पुढे बसवलेली गोळी या चारही भागांना मिळून काडतूस म्हटले आहे, आणि नळीतून प्रत्यक्ष बाहेर पडते तेवढ्या भागालाच गोळी म्हटले आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एकाच काडतुसात निरनिराळ्या रचनेच्या गोळ्या भरता येतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांपासून फार भिन्न असतात.

प्राण्याची शरीररचना

कुरंग हे बोव्हिडी कुलातील प्राणी असून हरणांप्रमाणे त्यांची शिंगे दरवर्षी गळून पडत नाहीत. त्यांच्या आकारमानात प्रचंड तफावत आढळते. गेम्सबॉकचा नर साधारण १८० ते २४० किग्रॅ., तर मोठ्या कुडूचा नर १९० ते २७० किग्रॅ. वजनाचा असतो. सामान्य एलंडचा पूर्ण वाढ झालेला नर ४०० किग्रॅ.पासून ९०० किग्रॅ.पर्यंतही भरतो, म्हणजे तो चांगल्या पोसलेल्या बैलाच्याही वर जातो. त्यामुळे 'मोठे कुरंग' या एका शब्दाखाली सर्वांसाठी एकच काडतूस सुचवणे चुकीचे ठरते.

गोळीचे लक्ष्य बहुतेक वेळा हृदय आणि फुप्फुसे हे असते. आफ्रिकी कुरंगांमध्ये हृदय छातीत बरेच खाली, पुढच्या पायांच्या दरम्यान असते. खांद्याच्या मागे, उंचावर नेम धरण्याची सवय असलेल्या नवख्या शिकाऱ्याची गोळी त्यामुळे फुप्फुसांच्या वरच्या किंवा मागच्या भागात जाते आणि जखमी प्राणी कित्येक किलोमीटर पळतो. प्राणी बाजूने उभा असेल, तर गोळीला बरगड्या आणि मऊ फुप्फुसेच पार करावी लागतात. तो तिरपा उभा असेल, तर मात्र तिला समोरून खांद्याचे जाड हाड किंवा मागून ओल्या चाऱ्याने भरलेले पोट भेदून जावे लागते. एलंडचे पोट या दृष्टीने विशेष अवघड मानतात. चाऱ्याचा तो गच्च लगदा अनेक गोळ्यांना मध्येच थांबवतो.

वेग, ऊर्जा आणि छेदीय घनता

काडतुसांची तुलना सामान्यतः नळीच्या तोंडाशी गोळीची असलेली गतिज ऊर्जा पाहून करतात. ही ऊर्जा वस्तुमानाच्या सम प्रमाणात, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. परिणामी हलकी व वेगवान गोळी कागदावर फार प्रभावी दिसते. गोळ्यांचे वजन ग्रेन या एककात देण्याची प्रथा आहे. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम.

ऊर्जेवरून गोळी किती खोल जाईल हे मात्र कळत नाही. त्यासाठी छेदीय घनता ही राशी अधिक उपयोगी पडते. गोळीचे पौंडांतील वजन भागिले तिच्या इंचांतील व्यासाचा वर्ग, असे तिचे सूत्र आहे. सारख्याच व्यासाच्या दोन गोळ्यांपैकी जड व लांब गोळीची छेदीय घनता जास्त असते आणि रचना व वेग सारखे असल्यास ती अधिक खोल शिरते. ७ मिमी. व्यासाच्या १७५ ग्रेन गोळीची छेदीय घनता ०.३१०, तर .३७५ व्यासाच्या ३०० ग्रेन गोळीची ०.३०५ आहे. स्कॉटिश हस्तिदंत-शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने ७×५७ मिमी. माउझरसारख्या लहान काडतुसाने शेकडो हत्ती मारले, त्याचे एक कारण या आकड्यांत सापडते. दुसरे कारण म्हणजे त्याचा अचूक नेम आणि हत्तीच्या कवटीचा त्याने केलेला अभ्यास. बेलचा दाखला देऊन लहान काडतुसाचे समर्थन करणारे हे दुसरे कारण सहसा सांगत नाहीत.

प्रचलित काडतुसे

१९०६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस कुडू, गेम्सबॉक आणि नू यांच्यासाठी आजही पुरेसे समजले जाते. त्यातील १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मी. वेगाने निघते व तिची ऊर्जा ३,९०० जूलच्या आसपास असते. १९५२ मधील .३०८ विंचेस्टर त्याहून थोडे कमी, तर १९६३ मधील .३०० विंचेस्टर मॅग्नम बरेच अधिक शक्तिमान आहे. नामिबियाचे मोकळे माळ किंवा कारूसारखा ओसाड प्रदेश, जेथे २०० ते ३०० मी. अंतरावरून नेम धरावा लागतो, तेथे या शेवटच्या काडतुसाची सपाट मार्गरेषा उपयोगी पडते.

एलंडसाठी अधिक जड गोळी पसंत करतात. बर्लिनचे बंदूककार ओटो बोक यांनी १९०५ मध्ये तयार केलेले ९.३×६२ मिमी. हे काडतूस आफ्रिकेतील वसाहतवाल्यांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारले, कारण ते साध्या माउझर रायफलीत बसत असे आणि दुनळी इंग्रजी बंदुकीच्या तुलनेत फार स्वस्त पडत असे. त्याची २८६ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७२० मी. वेगाने निघते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेले .३७५ एच अँड एच मॅग्नम ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मी. वेगाने फेकते व ५,७०० जूलपेक्षा जास्त ऊर्जा देते.

अशा काडतुसाची किंमत खांद्याला मोजावी लागते. सारख्या वजनाच्या रायफलींत .३७५ चा धक्का .३०-०६ च्या जवळजवळ दुप्पट असतो. धक्क्याच्या धास्तीने शिकारी घोडा दाबताना दचकतो, डोळे मिटतो आणि नेम चुकतो. पोटात लागलेली जड गोळी फुप्फुसात लागलेल्या मध्यम गोळीपेक्षा नेहमीच वाईट. म्हणूनच जी रायफल न घाबरता, तिपाई काठ्यांच्या आधाराने चालवता येते, तीच घ्यावी, असा सल्ला अनुभवी वाटाडे देतात. आफ्रिकेतील बहुतेक शिकारक्षेत्रांत जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याचेही पूर्ण शुल्क आकारतात.

गोळीची रचना

लष्करी गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे अखंड कवच असते व ती शरीरातून अरुंद छिद्र पाडून आरपार जाऊ शकते. शिकारी गोळी याउलट आत शिरताच पुढून छत्रीसारखी फुलावी लागते, म्हणजे जखम रुंद होऊन रक्तस्राव लवकर होतो. अशा फुलणाऱ्या गोळ्यांचे 'दमदम' हे प्रचलित नाव कोलकात्याजवळील दमदम येथील शस्त्रागारावरून पडले. तेथे १८९० च्या दशकात त्या सैन्यासाठी बनवल्या गेल्या. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांचा वापर निषिद्ध ठरवला. मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत मात्र अनेक देशांत त्याच सक्तीच्या आहेत. हा विरोधाभास वरवरचा आहे, कारण शिकारीत त्वरित मृत्यू हाच हेतू असतो.

अडचण अशी, की साधी शिसे व पातळ कवच असलेली गोळी वेगाने हाडावर आदळल्यास फुलण्याऐवजी फुटते. १९४६ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूस या प्राण्याच्या शिकारीत जॉन नॉस्लर यांना हाच अनुभव आला. चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगात त्यांच्या गोळ्या पुरेशा खोल गेल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी मध्यभागी धातूचा आडवा पडदा असलेली 'पार्टिशन' गोळी तयार केली. तिचा पुढचा भाग फुलतो, आणि पडद्यामागचा भाग शाबूत राहून पुढे घुसत जातो. पुढे शिसे कवचाला जोडून टाकण्याची पद्धत आली. स्वीडनच्या नॉर्मा कंपनीने अशा जोडबंद गोळीला 'ऑरिक्स' या आफ्रिकी कुरंगाचेच नाव दिले आहे. स्विफ्ट कंपनीच्या 'ए-फ्रेम' गोळीत पडदा व जोड दोन्ही आहेत.

१९८० च्या दशकात बार्न्स कंपनीने संपूर्ण तांब्याची गोळी आणली. तिच्या टोकाशी पोकळी असते व आदळताच ती पाकळ्यांसारखी उघडते. तिचे वजन फारसे घटत नाही, त्यामुळे एलंडसारख्या प्राण्यातही ती खोल जाते. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि ती स्थिर राहण्यासाठी नळीतील चऱ्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. जुन्या रायफलीत म्हणून एक पायरी हलकी गोळी निवडतात. वेग फार मंदावल्यास पाकळ्या नीट उघडत नाहीत, ही तिची मर्यादा.

शिशाचे सूक्ष्म कण मांसात पसरतात, तसेच टाकून दिलेल्या आतड्यांतून गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्निया राज्याने काँडर या गिधाडाच्या रक्षणासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली.

कायदेशीर किमान मर्यादा

नामिबियात कुडू, गेम्सबॉक, नू व एलंड यांच्यासाठी नळीच्या तोंडाशी किमान २,७०० जूल, तर स्प्रिंगबॉकसारख्या लहान कुरंगांसाठी १,३५० जूल ऊर्जा आवश्यक आहे. .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी सुमारे २,६०० जूल देते, म्हणून ती मोठ्या कुरंगांसाठी थोडक्यात अपात्र ठरते. झिंबाब्वेने एलंडला कुडूपासून वेगळे काढले आहे: दोहोंसाठी किमान व्यास ७ मिमी. असला, तरी कुडूला ३,००० आणि एलंडला ४,३०० जूल लागतात. प्राण्याच्या वजनातील फरक पाहता झिंबाब्वेची विभागणी अधिक तर्कशुद्ध वाटते.

नीलगाय आणि भारत

नीलगाय (विदर्भात 'रोही') हे आशियातील सर्वांत मोठे कुरंग असून नराचे वजन २५० किग्रॅ.च्याही वर जाऊ शकते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या किंग रँच या विस्तीर्ण कुरणात नीलगायी सोडण्यात आल्या. आता दक्षिण टेक्ससमध्ये त्यांची शिकार केली जाते. त्या जखमी होऊनही दूर पळतात, असा तेथील शिकाऱ्यांचा अनुभव असल्याने ते .३०० मॅग्नम किंवा त्याहून मोठे काडतूस व जोडबंद अथवा तांब्याची गोळी वापरतात. भारतात पिकांच्या नासाडीमुळे काही राज्यांनी मर्यादित काळासाठी नीलगाय मारण्याची परवानगी दिली आहे. २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात झालेल्या अशा मोहिमेवरून मोठा वाद झाला होता. भारतीय परवानाधारकांना लष्करी .३०३ काडतूस निषिद्ध आहे. त्याऐवजी प्रचलित असलेले .३१५ हे काडतूस ८ मिमी. व्यासाची जड पण तुलनेने मंद गोळी फेकते, त्यामुळे लांबच्या अंतरावर ते उपयोगी पडत नाही.